टाकीत बसवण्याआधी पाय तर तपासा! नागपुरातल्या हायपरबेरिक सेंटरवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
नागपुरात हायपरबेरिक ऑक्सिजनचं सेंटर चालवणारे डॉक्टर, मालक, पार्टनर आणि तिकडे पेशंट पाठवणारे सगळे साहेब लोक

नमस्कार जी,

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी ब्रदर आहे. सर्जरी वॉर्डात बरीच वर्षं काढली आणि आता घरोघरी जाऊन ड्रेसिंग करतो, महाल, नंदनवन, सक्करदरा, पाचपावली, कधी कधी पार कामठी रोडपर्यंत गाडी मारतो. निम्म्याहून जास्त पेशंट शुगरच्या पायाचे. कोणाचं बोट काळं पडलं, कोणाच्या टाचेला खड्डा, कोणाचं बोट आधीच काढलंय आणि त्याच्याच बाजूला दुसरी जखम. या सगळ्यांच्या तोंडी सध्या एकच विषय आहे, ऑक्सिजनची टाकी. मोबाईलवर जाहिरात येते, शेजारचा सांगतो, जावई सांगतो, आणि मग मला विचारतात, "ब्रदर, टाकीत बसलो तं पाय वाचते म्हणे, जाऊ काय?"

मी मशीनच्या विरोधात नाही. राग मशीनवर नाहीच आहे, राग आहे तो पाय न तपासता पॅकेज लावण्यावर.

मशीन काय करते ते मला जेवढं समजलं तेवढं लिहितो, चुकलं तर तुम्ही सांगाच. माणसाला बंद चेंबरमध्ये ठेवून हवेचा दाब नेहमीच्या दोन ते अडीच पट करायचा आणि त्या दाबाखाली दीड-दोन तास शुद्ध ऑक्सिजन द्यायचा. एरवी ऑक्सिजन जवळजवळ सगळा लाल पेशींवर बसून जातो, रक्तातल्या पाण्यात तो नावापुरताच विरघळतो, १०० मिलीमागे ०.३ मिलीच्या आसपास. पण दाब तिप्पट करून शुद्ध ऑक्सिजन दिला की तोच आकडा ६ मिलीच्या जवळ जातो. ॲमस्टरडॅमच्या बुरेमा नावाच्या सर्जननं १९६० च्या सुमारास डुकरांच्या रक्तातल्या लाल पेशी जवळपास सगळ्या काढून टाकल्या आणि तरी चेंबरमध्ये त्यांना जिवंत ठेवलं, म्हणजे ही काही जादूटोण्याची गोष्ट नाही, त्यामागे पक्कं शास्त्र आहे. खोल पाण्यातून घाईनं वर येणाऱ्या पाणबुड्या माणसांना होणारा बेंड्स नावाचा त्रास, कोळशाच्या धुराची विषबाधा, रेडिएशननंतर सडलेलं जबड्याचं हाड, इथं तर या चेंबरला मान आहेच. जखमेत नवीन रक्तवाहिन्या फुटायला, कोलाजेन बनायला, पांढऱ्या पेशींना जंतू मारायला ऑक्सिजन लागतोच, त्यामुळे शुगरच्या पायाला ही कल्पना लागू होते हे पण मान्य.

पण मंग कोणत्या पायाला? इथूनच माझी तक्रार सुरू होते.

नंदनवनकडच्या एका काकूंचं सांगतो. टाचेला जखम, चार बोटं बसतील एवढी. कोणीतरी टाकीचा सल्ला दिला, पॅकेज लागलं, पैसे आधीच भरून झाले. रोज मुलगा स्कूटीवर बसवून न्यायचा, काकू बाथरूमची सपाट स्लीपर घालून जिना चढायच्या, दीड तास आत पडून राहायच्या आणि त्याच टाचेवर भार देत परत जिना उतरायच्या. सेशनचं कार्ड भरत आलं आणि जखम तिथल्या तिथेच. मी मुलाला विचारलं, पायावरचा भार कमी करायला कोणी काही दिलं का, प्लास्टर, बूट, काही? तर तो म्हणाला, "नाही ना, ते तं कोणी बोललंच नाही." एका ऑक्सिजनच्या दीड तासावर दिवसाचे बाकीचे साडेबावीस तास पाणी फिरवत होते, आणि सेंटरमध्ये ते रोज सगळ्यांच्या डोळ्यासमोर चाललं होतं.

शुगरच्या पायाची जखम का होते आणि का भरत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. नसा बधीर झाल्या की चपलेत खडा आला तरी समजत नाही. आपल्याकडे तर मे महिन्यात ४५ डिग्रीला देवळाच्या फरशीवर अनवाणी चालून तळव्याला फोड येतात आणि पेशंट घरी येऊन म्हणते, "दुखत तं नाही, मंग काहून घाबराचं?" नवरात्रात कोराडीला पायी जायचा नवस तर विचारूच नका, त्याच्या पुढचे पंधरा दिवस मला दम मिळत नाही. भोवरी ब्लेडनं कापणारे, जखमेवर टूथपेस्ट लावणारे, बिडीची राख लावणारे, गरम पाण्यात पाय बुडवून बसणारे, सगळे बघितलेत. दुखणं नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि जखम रोज नव्यानं चिरडली जाते. तो भार काढला नाही तर वरून कितीही ऑक्सिजन द्या.

आणि ही गोष्ट आपल्या विदर्भाला तर कोणी शिकवायलाच नको. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून कुष्ठरोग्यांची सेवा चालू झाली, वरोऱ्याला आनंदवन उभं राहिलं, बधीर पायाची जखम कशी सांभाळायची हे इथल्या मातीतल्या माणसांनी कधीचं शिकून ठेवलंय. तिकडे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोग्याच्या पायाला जखम होते ती पाय आपोआप सडल्यानं नाही, न दुखणाऱ्या जागेवर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या दाबानं होते. पायाला नीट बसणारं प्लास्टर घालून भार पसरवला की वर्षानुवर्षांच्या जखमा भरून आल्या, आणि पुढे हीच पद्धत अमेरिकेत शुगरच्या पायासाठी गेली. आज जगभरात त्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात आणि तळव्याच्या बधीर जखमेसाठी न काढता येणारं प्लास्टर किंवा बूट हाच पहिला उपाय मानतात. अर्थात पायात जोरदार इन्फेक्शन असेल किंवा रक्तपुरवठाच नसेल तर ते घालायचं नाही, हे पण मला वॉर्डातच शिकवलं गेलं. जखम भरल्यावर नरम मायक्रोसेल्युलर रबरची, म्हणजे आपली एमसीआर चप्पल. कुष्ठरोग्यांची चप्पल म्हणून लोक ती घालायला लाजतात ते वेगळं. पण प्लास्टरची आणि चपलेची जाहिरात मी अजून कुठल्या ऑटोच्या मागे पाहिली नाही. त्यात मार्जिन नाही ना.

अजून एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. हा उपचार एका दिवसाचा नाही, आठवड्याचे पाच-सहा दिवस असे करत ३०-४० सेशन लागतात. आता उमरेडचा, काटोलचा, भंडाऱ्याचा माणूस रोज एसटीनं येतो, गणेशपेठला उतरतो, ऑटोवाला परवडला तर ऑटो नाहीतर पायी, मग सेंटरचा जिना, मग वेटिंग, मग परत तेच सगळं उलट. ज्या पायाला झोपवून ठेवायचं त्या पायाला आपण महिना-दीड महिना रोज तालुक्यावरून चालवत आणतो. सेंटरच्या दारात व्हीलचेअर असते, मान्य, पण एसटी स्टँडवर कोण आणून ठेवणार? नेदरलँड्समध्ये १२० पेशंटवर एक अभ्यास झाला, २०१८ ला छापून आला, त्यात ज्यांना हा उपचार दिला त्यांच्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याला ठरलेलं पूर्ण कोर्सच झेपलं नाही. आणि तिकडे रस्ते, गाड्या, सगळं असून. इथं उमरेडहून येणाऱ्या शेतमजुराचं काय होत असेल याचा विचार पॅकेज लिहून देताना एक मिनिट तरी करता का?

बरं, अभ्यासाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू. तुमच्या पोस्टरवर "सिद्ध झालेला उपचार" असं असतं. स्वीडनमध्ये ९४ पेशंटवरचा अभ्यास २०१० ला आला, त्यात वर्षभरानंतर टाकीवाल्यांपैकी ५२ टक्क्यांच्या जखमा भरल्या आणि ज्यांना नुसती हवा दिली त्यांच्या २९ टक्के. हे चांगलंच आहे, यावर तुम्ही बोट ठेवता आणि ठेवावंच. पण २०१६ ला कॅनडातून आलेल्या अभ्यासात पाय कापायची गरज कमी झालेली दिसली नाही, नेदरलँड्सच्या त्या २०१८ च्या अभ्यासात पण जखम भरणं आणि पाय वाचणं यात ठाम फरक निघाला नाही. २०१५ ला कोक्रेननं, म्हणजे उपचारांवरचे अभ्यास गोळा करून तपासणाऱ्या संस्थेनं, सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा सहा आठवड्यांना फायदा दिसला, वर्षाअखेर तो टिकलेला दिसला नाही. आणि शुगरच्या पायाचा जो आंतरराष्ट्रीय गट गाईडलाईन काढतो त्यांचं २०२३ चं म्हणणं असं की रक्तपुरवठा कमी असलेल्या जखमेला, बाकीचे सगळे उपचार नीट करूनही जमलं नाही आणि सोय उपलब्ध असली तर याचा विचार करा. म्हणजे सोबतीचा उपचार म्हणून. मग पोस्टरवर "ऑपरेशनशिवाय पाय वाचवा" कुठून आलं?

अमेरिकेत सरकारी विमा शुगरच्या पायासाठी याचे पैसे देतो, पण अटी बघा. जखम वॅग्नर ग्रेड ३ किंवा त्याच्या वर पाहिजे, म्हणजे खोल जाऊन पू झालेली किंवा हाडापर्यंत पोचलेली, नाहीतर गँगरीन. त्याआधी ३० दिवस नेहमीचे सगळे उपचार नीट करून पण जखम हलली नाही असं दाखवावं लागतं. आणि टाकी सुरू झाल्यावर पण दर ३० दिवसांत जखम मोजायची, फरक दिसत नसेल तर पैसे बंद. जिथं विमा कंपन्यांना वकील रांगेत उभे असतात तिथं ही शिस्त आहे, आणि आपल्याकडे वरवरच्या जखमेला पण ३० चं पॅकेज, आधी पैसे, शेवटी बघू. माझ्या एका पेशंटला तर बोटाच्या बाजूला साधं सोललं होतं, महिनाभर नीट ड्रेसिंग आणि चप्पल बदलली असती तर संपलं असतं. त्याला पण टाकी!

आता रक्तपुरवठ्याचं. शुगरवाल्याच्या पायाच्या नसा, म्हणजे धमन्या, ब्लॉक झालेल्या असतात हे काय गुपित नाही. घरावरची टाकी काठोकाठ भरली आणि खाली येणारा पाईप गाळानं बुजला असेल तर नळाला पाणी कुठून येणार? ऑक्सिजन पायापर्यंत शेवटी रक्तातूनच जाणार ना. म्हणून आधी पायाची नाडी हातानं बघा, रक्ताचा प्रवाह बघायची डॉप्लर तपासणी करा, हाताच्या आणि घोट्याच्या प्रेशरचा रेशो काढा. आणि शुगरवाल्यांमध्ये नसा चुन्यासारख्या कडक होतात त्यामुळे घोट्याचं प्रेशर खोटं चांगलं दिसतं, म्हणून अंगठ्याचं प्रेशर घ्या. कातडीवरचा ऑक्सिजन मोजायचं यंत्र असतं, ते असेल तर टाकीचा फायदा होईल की नाही याचा अंदाज पण बांधता येतो. ब्लॉक सापडला तर आधी व्हॅस्क्युलर सर्जनला दाखवा, अँजिओप्लास्टी किंवा बायपास होतं का बघा. काळ्या पडलेल्या पायाला महिनाभर टाकीत बसवून मग सर्जनकडे पाठवलेले पेशंट मी पाहिलेत, आणि तेव्हा सर्जन जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो की बोटावर भागलं असतं ते गुडघ्याखाली गेलं.

सेफ्टीवर पण दोन शब्द. कानाला दडा बसणं, कानाचा पडदा दुखावणं, काही दिवस दूरचं धूसर दिसणं हे होतं, सांगून ठेवलं तर लोक घाबरत नाहीत. छातीत हवा भरलेली असताना, म्हणजे न्यूमोथोरॅक्स असताना, आत नेलं तर जीव जाऊ शकतो, म्हणून आधी एक्स-रे. शुगर आत असताना खाली येते, इन्सुलिनवाल्याला उपाशीपोटी आत झोपवू नका, आधी ग्लुकोमीटर लावा. पण सगळ्यात मोठी भीती आगीची. १९९७ ला इटलीत मिलानच्या एका दवाखान्यात चेंबरला आग लागून ११ जण गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मिशिगनला पाच वर्षांचं पोरगं चेंबरमध्ये जळून गेलं. शुद्ध ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पुरते. आणि आपला पेशंट येतो कसा? डोक्याला खोबरेल तेल चोपडलेलं, अंगावर नायलॉनची साडी किंवा पॉलिस्टरचा शर्ट, खिशात मोबाईल आणि तंबाखूची डबी, कधी माचिस पण. तुम्ही सुती गाऊन देता का, खिसे तपासता का, पेशंटला अर्थिंगचा पट्टा लावता का, आत काही झालं तर बाहेर काढायला ट्रेन झालेला माणूस उभा असतो का? बोर्डावर नाही, खरोखर असतो का हे विचारतोय.

आणि ती नरम पिशवीची चेंबर, झिप लावून आत झोपवतात ती. तिच्यात दाब वातावरणाच्या १.३ पटीच्या आसपास जातो, त्यावर कॉन्सन्ट्रेटरचा ऑक्सिजन. वर सांगितलेले पायाचे अभ्यास दोन-अडीच पट दाबाच्या कडक चेंबरचे आहेत, ते दाखवून पिशवी विकणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. स्किन ग्लो, थकवा, केस गळणं यासाठी विकायची असेल तर विका, ते गिऱ्हाईक वेगळं आहे, पण शुगरच्या जखमेवाल्याला त्यात झोपवू नका हो.

कटची गोष्ट काढली की सगळे गप्प होतात, म्हणून थोडक्यात. पाठवणाऱ्याला पॅकेजमागे काही मिळतं ही गोष्ट मी दहा ठिकाणी ऐकली, पुरावा माझ्याकडे नाही म्हणून कोणाचं नाव घेत नाही. ज्यांचं नसेल त्यांनी मनाला लावून घेऊ नका. ज्यांचं असेल त्यांनी एवढं बघा की ज्या माणसाकडून आपण पैसे काढतोय त्यानं गावाकडचा बैल विकला आहे का. सरकारी योजनेत आता पाच लाखांचं कवच आहे, मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, सुपर स्पेशालिटी, सगळे सरकारी दवाखाने शहरात आहेत. बऱ्याच जणांची साफसफाई आणि नसांची तपासणी तिथं होऊ शकते. आधी तिकडे पाठवा, मग टाकीचं बोला.

देशात शुगरचे १० कोटीहून जास्त पेशंट आहेत असं आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत आलं. म्हणजे तुम्हाला गिऱ्हाईक कमी पडणार नाही, काळजी करू नका. त्यातले ज्यांना खरंच टाकीचा उपयोग होणार आहे तेवढे घेतले तरी चेंबर रिकामी राहत नाही, उलट निकाल चांगले येतील आणि नाव होईल.

माझं मागणं फार मोठं नाही. पैसे घ्यायच्या आधी एक पान भरा. त्यावर पायाची नाडी आहे की नाही, डॉप्लरचा आणि अंगठ्याच्या प्रेशरचा निकाल, दहा ग्रॅमच्या नायलॉनच्या धाग्यानं तपासलं तेव्हा पाय किती बधीर आहे, तीन महिन्यांची शुगर, हाडात इन्फेक्शन आहे का, जखम कोणत्या ग्रेडची, मेलेलं मांस कधी काढलं, आणि पायावरचा भार काढायला काय दिलं. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर सेशन सुरूच करू नका. दर आठवड्याला स्केल ठेवून जखमेचा फोटो आणि माप, पेशंटच्या मोबाईलवर पण पाठवा, म्हणजे घरी येणाऱ्या माझ्यासारख्यालाही समजेल. महिन्याभरात जखम हलली नाही तर थांबा, आणि न झालेल्या सेशनचे पैसे परत करा. संमतीपत्र मराठीत, मोठ्या अक्षरात, त्यात साफ लिहा की हा सोबतीचा उपचार आहे, यानं पाय वाचेलच असं नाही, आणि चष्म्याविना न दिसणाऱ्या आजोबांना ते वाचून दाखवा. सध्या जे इंग्रजी कागद सही करायला पुढे करतात ते मी वाचलेत, मलाच अर्धं समजत नाही.

यातलं जे कोणी आधीपासून करत असतील, आणि एक-दोन ठिकाणी हे होतं असं माझ्या पेशंटकडून कानावर आलं आहे, त्यांना दंडवत. त्यांनी आपला फॉर्म बाकीच्यांना द्यावा. आणि कोणाला तो एक कागद छापायचा खर्च झेपत नसेल तर मला कळवा, महालातल्या झेरॉक्सवाल्याकडून मी माझ्या पैशानं गठ्ठा काढून सेंटरवर आणून देतो, तसंही मी रोज त्या रस्त्यानं जातोच.

तुमचा,
घरोघरी ड्रेसिंग करणारा एक ब्रदर
नागपूर